निजलेलं इंजिन उठवताना

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

गेल्या वर्षी एप्रिल महिन्यात एका रात्री साडेनऊच्या सुमारास फोन वाजला. पलीकडे माझा भाचा होता. तो कॅनडात विनिपेग शहरात नोकरी करतो. आपाची तब्येत बिघडली म्हणून तो नोव्हेंबरात इकडे आला होता आणि पाच महिने इथेच राहून नुकताच परत गेला होता. म्हणाला, "मामू, गाडी पाच महिने गॅरेजात पडून आहे. बाहेर अजून बर्फ आहे. गॅरेजचं दार लावून घेतलंय, म्हणजे जरा ऊब राहील. आता सेल्फ मारू का? नाना काय करायचे ते तुम्हाला आठवतं का?"

नाना म्हणजे त्याच्या आईचे वडील, माझे अब्बा. ते ड्रायव्हर होते. मी कविता लिहिणारा माणूस, बी.ए. झालेला. गाडीची माझी जाण अब्बांच्या मागे पाना घेऊन उभं राहण्याइतकीच. पण मी भाच्याला पहिली गोष्ट सांगितली ती तीच, जी अब्बांनी सांगितली असती, "आधी दार उघड. पूर्ण उघड. मग बोलू."

त्या रात्री आम्ही तासभर बोललो. आणि नंतर माझ्या मनात आलं, की बंद पडून राहिलेली गाडी चालू करणं ही जी साधी गोष्ट वाटते, तिच्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात मोडलेली मनगटं आहेत, फुटलेली इंजिनं आहेत, आणि गेलेले जीवही आहेत. तोच इतिहास आज तुम्हाला सांगायचा आहे.

आमच्याकडे कोकणात बर्फ नाही, पण पाऊस आहे. जूनपासून होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात लोटायच्या, हे आम्ही लहानपणापासून पाहिलेलं. अब्बा ज्यांच्याकडे होते ते मालक मुंबईला राहायचे. मे महिना संपला की ते परत जायचे आणि त्यांची अँबॅसडर गाडी पडवीलगतच्या शेडमध्ये उभी राहायची. ती उठवायची वेळ यायची गणपतीच्या आधी आठवडाभर. मालकांच्या घरच्या गणपतीसाठी गाडी तयार ठेवणं हे अब्बांचं काम, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

अब्बांची पद्धत ठरलेली होती. आधी शेडची दोन्ही दारं सताड उघडायची. मग बॉनेटवर काठीने दोन-चार थापा मारायच्या, कारण आत उंदीर असेल, उंदरामागे आलेला सापही असेल. मग पट्टी काढून ऑइल बघायचं, रेडिएटरचं पाणी बघायचं, टायरमध्ये हवा भरायची. त्यानंतर चारही प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोडायचं आणि किल्ली न लावता पुढून हँडल घालून इंजिन दहा-बारा वेळा हळूहळू फिरवायचं. मग प्लग पुसून परत लावायचे, आणि शेवटी बिस्मिल्ला म्हणून किल्ली फिरवायची. मी विचारायचो, "एवढं कशाला?" ते म्हणायचे, "रात्रभर झोपलेल्या माणसाला उठवून लगेच धावायला लावशील का?"

त्यांना शास्त्र माहीत नव्हतं, पण ते शास्त्रच होतं. इंजिन महिनोन् महिने बंद राहिलं की पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली तेलाची पातळ साय ओघळून खाली उतरते. धातू धातूला कोरडा टेकतो. दमट हवेत तिथे गंजही धरतो. अशा इंजिनाला एकदम जोरात फिरवलं तर पंपाने तेल वर पोचवायच्या आतच धातूवर धातू घासतो. चमचाभर ऑइल आणि हाताने दिलेले दहा फेरे हे त्या पहिल्या काही सेकंदांसाठी असतात.

आता जरा मागे जाऊ. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या गाडीला हँडलही नव्हतं. मागच्या बाजूला आडवं बसवलेलं मोठं चाक होतं, ते हाताने गरकन फिरवलं की इंजिन धरायचं. १८८८च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बर्था बेंझ यांनी नवऱ्याला न सांगता दोन मुलांना बरोबर घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमपर्यंत शंभर किलोमीटरच्या वर प्रवास केला. पेट्रोल पंप तेव्हा कुठून असणार? वाटेत वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी इंधन घेतलं. तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने साफ केली. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईने केला, आणि गाडी पुन्हा पुन्हा चालू करण्याची कटकट पहिल्यांदा सोसली तीही तिनेच आणि तिच्या मुलांनी.

पुढे हँडल आलं. ते इंजिनाच्या मुख्य दांड्यात अडकवायचं आणि फिरवायचं. इंजिनाने धरलं की हँडल आपोआप सुटायला हवं. पण ठिणगी जर वेळेच्या आधी पडली, तर पिस्टन वर पोचायच्या आतच स्फोट होतो आणि इंजिन उलटं फिरतं. हँडलही उलटं फिरतं, आणि ते धरलेला हातही. म्हणून जुन्या गाड्यांना स्टिअरिंगपाशी ठिणगीची वेळ मागे-पुढे करणारा एक दांडा असायचा. हँडल मारण्याआधी ठिणगी उशिराची ठेवायची, हा पहिला नियम. दुसरा नियम, अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, तो बोटांच्याच बाजूला ठेवायचा. तिसरा, हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. म्हणजे उलट फटका बसलाच तर हात सुटून निघतो.

हे नियम विसरणारे इतके निघाले, की मनगटाजवळच्या एका विशिष्ट अस्थिभंगाला डॉक्टरांनी नावच दिलं, 'शोफर्स फ्रॅक्चर'. शोफर हा मूळ फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ भट्टी पेटती ठेवणारा. वाफेच्या गाड्यांच्या काळात गाडी चालू करणं म्हणजे खरोखरच भट्टी पेटवणं होतं. पुढे भट्टी गेली, पण नाव ड्रायव्हरला चिकटून राहिलं, आणि त्याच्या मोडलेल्या हाडालाही.

हे हाड मी घरी पाहिलं आहे. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. गणपतीला दोन दिवस राहिले होते. बॅटरी उतरलेली होती. अब्बांनी पॉइंट साफ करून टायमिंग स्वतःच बसवलं होतं, आणि घाईत ते थोडं चुकलं. किल्ली लावून त्यांनी हँडल मारलं आणि ते उलटं आलं. आवाज मला अजून ऐकू येतो. वाळकी फांदी मोडावी तसा. गाडीचा काही दोष नव्हता. "माझीच चूक," ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. गावातल्या हाडवैद्याने हात बांधला, तो थोडा वाकडाच जुळला. पुढे आयुष्यभर ते दुआला हात उचलायचे तेव्हा उजवा तळवा किंचित कलता असायचा. मनगटाला नाव असतं हे मला फार नंतर कळलं, तेव्हा ते नाव सांगायला अब्बा राहिले नव्हते.

अमेरिकेत या हँडलच्या इतिहासात एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. बायरन कार्टर नावाचे मोटारी बनवणारे एक गृहस्थ होते. डेट्रॉइटजवळ एका बाईची बंद पडलेली कॅडिलॅक चालू करून देताना हँडल उलटलं, त्यांचा जबडा मोडला आणि त्यातच पुढे ते गेले. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलंड यांना हे ऐकून इतका धक्का बसला, की हँडल नको असलेली गाडी त्यांनी करून घ्यायची ठरवली, अशी ही कथा. तिच्यात एक अडचण आहे. कथा बहुतेक वेळा १९१०च्या हिवाळ्यातली म्हणून सांगतात आणि कार्टर तर १९०८ सालीच वारले होते. त्यांच्या मृत्यूचं कारणही न्यूमोनिया होतं असं काही अभ्यासक म्हणतात. इतिहासात असं पुष्कळदा होतं. हजारो अनाम मनगटांचं दुःख लोक एका नावावर बांधतात, म्हणजे ते लक्षात राहतं.

निर्विवाद आहे ते पुढचं. ओहायो राज्यातल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग नावाचे इंजिनिअर होते. ते आधी दुकानांतल्या गल्ल्याच्या यंत्रांना विजेची मोटर बसवण्याचं काम करत होते. त्यातून त्यांना एक गोष्ट कळली होती. मोटरला सतत मोठी ताकद द्यायची नसेल, काही क्षणच द्यायची असेल, तर लहान मोटरही भलं मोठं काम करून जाते. इंजिन चालू करायला तरी किती वेळ लागतो? काही सेकंद. मग छोटी मोटर पुरे. एडवर्ड डीड्स या मित्राच्या घरामागच्या कोठारात सहकाऱ्यांसह काम करून त्यांनी १९११ साली हे यंत्र सिद्ध केलं. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये ते बसलं. केटरिंग यांच्या कंपनीचं नाव 'डेल्को'.

त्या यंत्राला म्हणायचं सेल्फ स्टार्टर. आपण मराठीत त्यातला स्टार्टर टाकून दिला आणि नुसतं 'सेल्फ' ठेवलं. 'सेल्फ मार', 'सेल्फ घेत नाही', 'सेल्फ गेला'. परवा एका गॅरेजवाल्याने मला सांगितलं, "साहेब, तुमचा सेल्फ उतरलाय." तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतही एवढं थेट निदान मी वाचलेलं नाही.

या सेल्फने आणखी एक उलथापालथ केली. तोपर्यंत विजेवर चालणाऱ्या मोटारी अमेरिकेत बऱ्यापैकी होत्या, आणि हँडलची दगदग नको म्हणून त्या बायकांना पसंत पडायच्या. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा विजेची गाडी वापरत. पेट्रोलच्या गाडीला सेल्फ आला आणि विजेच्या गाड्यांचं मोठं आकर्षण संपलं. शंभर वर्षांनी त्या परत आल्या आहेत, हा भाग निराळा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ, हिवाळ्यात झोपलेल्या गाडीकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या थंड भागात गाडी हिवाळाभर बंद ठेवणं हीच रीत होती. बहुतेक गाड्या उघड्या होत्या. १९१९मध्ये अमेरिकेत बनणाऱ्या दहा गाड्यांत एखादीच बंदिस्त असे. शिवाय रस्त्यावरचा बर्फ उपसत नसत. मोठे लाकडी रूळ फिरवून तो दाबत, म्हणजे घोड्यांच्या घसरगाड्या नीट चालाव्यात. मोटारीला तिथे जागाच नव्हती. मग ती कोठारात जायची. टायरवर भार नको म्हणून चार ठोकळ्यांवर चढवायची, रेडिएटर रिकामा करायचा, बॅटरी काढून दुरुस्तीच्या दुकानात सांभाळायला द्यायची. १९२७पर्यंत चित्र उलटलं होतं. दहातल्या आठांहून अधिक गाड्या बंदिस्त झाल्या, रस्ते साफ होऊ लागले, आणि हिवाळ्यातही गाडी बाहेर पडू लागली.

रेडिएटर रिकामा का करायचा? पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. इंजिनाच्या ओतीव लोखंडी पोटात ते गोठलं तर लोखंड तडकतं. यावर लोकांनी काय काय करून पाहिलं! पाण्यात अल्कोहोल घातलं, ग्लिसरीन घातलं, कुणी मध घातला, कुणी साखर. अल्कोहोल त्यातल्या त्यात चालायचं, पण इंजिन तापलं की उडून जायचं. १९२०च्या दशकाच्या अखेरीस इथिलीन ग्लायकॉल बाजारात आलं. आजच्या आपल्या हिरव्या-गुलाबी कूलंटमध्ये बहुधा तेच असतं. पाण्यात निम्मं मिसळलं तर उणे ३५ अंशांच्याही खालपर्यंत ते गोठत नाही. मात्र ते विषारी असतं आणि चवीला गोड, म्हणून मुलांपासून आणि जनावरांपासून दूर ठेवायला हवं.

फोर्डच्या मॉडेल टी गाडीची तर कथाच वेगळी. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटी गाड्या निघाल्या, आणि सेल्फ त्यांना मिळू लागला १९१९ साली. थंडीत तिचं तेल इतकं दाटायचं, की गाडी न्यूट्रलला असूनही आतल्या पट्ट्या चिकटून राहायच्या. मालक पुढे उभा राहून हँडल मारायचा आणि इंजिन धरताच गाडी त्याच्याच अंगावर यायची. म्हणून जाणते लोक आधी मागचं एक चाक जॅकवर उचलायचे, रेडिएटरमध्ये कढत पाणी ओतायचे, मग हँडलला हात घालायचे.

तेलाच्या डब्यावर आज आपण '५ डब्ल्यू ३०' असं काही वाचतो. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पुढचा आकडा जितका लहान, तितकं ते तेल थंडीत पातळ राहतं. एकच तेल थंडीत आणि उन्हाळ्यात चालेल अशी सोय झाली ती १९५०च्या दशकात. त्याआधी ऋतू बदलला की तेल बदलावं लागे. अतिथंड प्रदेशांत मग इंजिनालाच शेक देण्याची युक्ती निघाली. नॉर्थ डकोटातल्या अँड्र्यू फ्रीमन यांनी १९४०च्या दशकात इंजिनात बसवायचा विजेचा हीटर काढला. विनिपेगमध्ये भाच्याच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाड्यांसाठी विजेचे प्लग आहेत. सुरुवातीला त्याला वाटलं होतं, की तिथल्या सगळ्याच गाड्या विजेवर चालतात.

आपल्या देशातही हा अनुभव आहे. लडाखच्या थंडीत डिझेल दाटून बसतं. ड्रायव्हर टाकीखाली शेकोटी करून ते पातळ करत आले, आणि त्यातला धोका सांगायला नको. इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं खास हिवाळी डिझेल तिथे पाठवायला सुरुवात केली, ती त्यासाठीच.

पण या सगळ्यात सगळ्यांत घातक गोष्ट दिसत नाही आणि तिला वासही नाही. ती म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. थंड इंजिनाला चालू व्हायला जास्त पेट्रोल लागतं, ते धड जळत नाही, आणि हा वायू सुटतो. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट धरून ठेवतं. न्यूयॉर्कला नदीखालून हॉलंड बोगदा खोदायचा होता, तो १९२७ साली खुला झाला. त्यात मोटारींच्या धुराने माणसं गुदमरणार नाहीत ना, हे पाहण्यासाठी येल विद्यापीठातले यांडेल हेंडरसन आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केले. त्याच काळात हेही ध्यानात आलं, की बंद गॅरेजमध्ये चालू ठेवलेली लहानशी मोटार काही मिनिटांत माणसाचा जीव घेऊ शकते. थंडीच्या सकाळी ऊब राहावी म्हणून दार लावून इंजिन तापवणारे किती तरी लोक असे गेले. आजच्या गाड्यांना धूर शुद्ध करणारं उपकरण असतं, पण ते स्वतः तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणजे नेमक्या सुरुवातीच्या मिनिटांत त्याचा भरवसा नाही. अर्धवट उघडलेलं दारही पुरत नाही.

अब्बा आधी दार का उघडायचे? त्यांना हिमोग्लोबिन ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं, की एका पावसाळ्यात शेजारच्या गावात बंद शेडमध्ये गाडी तापवणारा क्लीनर पोरगा बेशुद्ध पडला होता. वेळेवर ओढून बाहेर काढला म्हणून वाचला.

तर त्या रात्री भाच्याला मी काय सांगितलं? दार उघड. गाडीखाली तेल-पाणी सांडलंय का बघ. ऑइल बघ, कूलंट बघ, टायरची हवा बघ. बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, एअर फिल्टरमध्ये घरटं केलंय का ते पाहा. सायलेन्सरचं तोंडही बघ. बॅटरी पाच महिन्यांत उतरलेली असणार. उतरलेल्या बॅटरीतलं पाणी कडक थंडीत गोठतं. ती फुगलेली किंवा तडकलेली दिसली, तर चार्ज करायला जाऊ नकोस, दुसऱ्या बॅटरीला जोडूही नकोस, बदलून टाक. धड असेल तर चार्जरवर लाव. दुसऱ्या गाडीवरून करंट घ्यायचाच, तर शेवटची काळी वायर तुझ्या बॅटरीवर लावू नकोस, इंजिनाच्या उघड्या धातूला लाव, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी त्याला पुरते. आताच्या गाड्यांना हँडल नाही आणि प्लग काढायची गरजही सहसा नाही. सेल्फ मारायचा तो चार-पाच सेकंद. धरलं नाही तर थांब, मग पुन्हा मार. धरलं की लगेच रेस करू नकोस. ऑइलचा लाल दिवा विझू दे, ब्रेक धरतोय का बघ, आणि मग सावकाश बाहेर काढ. उभ्या उभ्या अर्धा तास तापवण्यापेक्षा हळू चालवलेली गाडी लवकर आणि नीट तापते.

आपल्यालाही हे उपयोगी आहे. २०२०च्या लॉकडाउनमध्ये आपल्या सोसायट्यांत किती बॅटऱ्या उतरल्या ते आठवून पाहा. शिवाय आता आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळाभर अर्धी टाकी ठेवून गाडी उभी करणं त्यामुळे बरं नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याने फोटो पाठवला. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने कापूस आणि पानं जमवून टुमदार घर केलं होतं. बॅटरी त्याने रात्रभर चार्जरवर ठेवली होती. सकाळी दार उघडून, बर्फाची हवा अंगावर घेत, दुसऱ्याच सेल्फला गाडी चालू झाली. खाली त्याने लिहिलं होतं, "मामू, बॉनेटवर थापा मारल्या. इथे साप नसतो, तरी मारल्या."